कोळशाची खाण आणि भूकंप : संबंध कधी मानावा, कधी मानू नये?

भ्रंशरेषा (धागालेखन)

कोळशाच्या खाणीजवळ जमीन हादरली की दोन ठरावीक विधाने लगेच पुढे येतात. पहिले म्हणजे, हा सगळा खाणीचाच प्रताप आहे. दुसरे असे, की भूकंपाची नाभी (उगमबिंदू) दहा किलोमीटर खोल दाखवली आहे आणि खाण जेमतेम काहीशे मीटर खोल आहे, तेव्हा दोहोंचा संबंध असूच शकत नाही. मला ही दोन्ही विधाने अपुरी वाटतात, कारण दोन्हींत तीन निरनिराळ्या घटनांची सरमिसळ झालेली आहे. या तिन्हींचे पुरावे वेगळे आहेत, त्यांची जबाबदारी वेगळी ठरते आणि उपायही वेगळे आहेत.

पहिली घटना खाणीच्या आतच घडते. कोळसा काढल्यावर उरलेले खांब चिरडतात, किंवा गोफवर (कोळसा काढून झालेल्या पोकळीवर) लोंबकळत राहिलेला वालुकाश्माचा जाड थर एकदम मोडतो. यात सुटणारी ऊर्जा वरच्या खडकाच्या वजनातून येते. कोळसाधारी खडकांत दर किलोमीटर खोलीमागे साधारण २५ मेगापास्कल इतका उभा दाब असतो, म्हणजे ६०० मीटर खोलीवर तो सुमारे १५ मेगापास्कल होतो. तिथला ६० टक्के कोळसा काढून घेतला, तर संपूर्ण भार उरलेल्या ४० टक्के भागावर येतो आणि खांबांवरचा सरासरी दाब अडीचपट, म्हणजे ३७ मेगापास्कलच्या पुढे जातो. कोळशाच्या लहान नमुन्याची प्रयोगशाळेत मोजलेली दाबक्षमता बहुधा याहून कमी भरते. रुंद खांब तरीही टिकतो, कारण त्याच्या गाभ्याला चारही बाजूंनी आधार मिळतो; तो आधार कडेकडेने ढासळत गेला, की खांब किती वेळ तग धरेल हा निव्वळ भूमितीचा प्रश्न उरतो.

दुसरी घटना खाणीजवळच्या, आधीपासून अस्तित्वात असलेल्या भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेवर, घडते. खाणकामामुळे त्या भ्रंशावरचा दाब किंवा घर्षण बदलते आणि तो सरकतो. तिसरी घटना काही किलोमीटर खोल घडते. तिथला ताण भूपट्टांच्या हालचालीने हजारो वर्षांत साठलेला असतो आणि खाणीचा वाटा असलाच, तर तो घटना अलीकडे ओढण्यापुरता असतो. कोयना परिसरात डिसेंबर १९६७ मध्ये झालेला ६.३ महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप जलाशयाशी जोडला जातो तो याच अर्थाने. शिवाजीसागरातल्या पाण्याने ताण निर्माण केला असे कोणी म्हणत नाही. पाण्याच्या भाराने आणि खडकात शिरलेल्या दाबाने भ्रंश सुटण्याची वेळ जवळ आली, असे म्हटले जाते.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात फरक करता येतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या यूटा राज्यातील क्रँडल कॅनियन खाणीचे आहे. ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे तेथे ३.९ महत्तेचा धक्का नोंदला गेला आणि सहा कामगार आत अडकले. नैसर्गिक भूकंपामुळे खाण कोसळली, असे खाणचालकांकडून सांगितले गेले. भूकंपलेखांनी वेगळी कथा सांगितली. भ्रंश सरकला असता, तर पहिल्या लहरीने काही केंद्रांवर जमीन वर ढकलली असती आणि काहींवर खाली ओढली असती. स्फोट असता, तर ती सगळीकडे बाहेरच्या दिशेने ढकलली गेली असती. प्रत्यक्षात सर्व केंद्रांवर पहिली हालचाल खालच्या दिशेची, म्हणजे उगमाकडे ओढली जाण्याची होती. पोकळी मिटताना हेच अपेक्षित असते. म्हणजे भूकंपाने खाण कोसळली नव्हती. खाणीचे कोसळणे हाच तो भूकंप होता. दहा दिवसांनी बचावकार्यात आणखी तिघांचा बळी गेला. सरकारी चौकशीनेही पुढे खांबांच्या सदोष आराखड्यावरच बोट ठेवले.

माझा प्रश्न मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे २८ डिसेंबर १९८९ रोजी ५.६ महत्तेच्या भूकंपात १३ माणसे दगावली, आणि सायबेरियातील कुझबास खोऱ्यात बाचात्स्की या खुल्या खाणीखाली जून २०१३ मध्ये स्थानिक मापनानुसार ६.१ महत्तेचा भूकंप झाला. दोन्हींचा दोष कोळशाच्या उत्खननाला देणारे संशोधक आहेत. मला दुसऱ्याचा दावा पुष्कळच पटतो, पहिल्याचा फारसा पटत नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

तर्कट

धाग्याची मांडणी आवडली, पण तिसऱ्या प्रकाराला इतक्या सहज जागा देऊ नये. न्यूकॅसलच्या भूकंपाची नाभी अकरा-बारा किलोमीटर खोल होती. त्याच परिसरात १८६८ आणि १९२५ सालीही भूकंप झालेले आहेत. भूभौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियन क्लोस यांनी २००७ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा, की दोन शतके काढलेला कोळसा आणि त्यासोबत उपसलेले कोळशाहून कितीतरी पट वजनाचे पाणी, यांमुळे कवचावरचा भार हलका झाला. हे मान्य केले, तरी अकरा किलोमीटर खोलीवर होणारा बदल अत्यल्प आहे. चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाने घन पृथ्वीतही भरती-ओहोटी होते. तिच्यामुळे खडकातला ताण दिवसातून दोनदा काही किलोपास्कलने वरखाली होतो, आणि तरीही भरतीच्या वेळा व भूकंप यांचा संबंध फार मोठी आकडेवारी घेतल्याशिवाय दिसतही नाही. मग त्याच्या काही पट बदलाला एका विशिष्ट भूकंपाचे कारण म्हणून उभे करणे हा पुरावा नव्हे, ती शक्यता आहे. शक्यता तर पुष्कळ गोष्टींची असते.

शिवाय जगभर कोळशाच्या हजारो खाणी आहेत. त्यांतल्या दोन-तीन खाणींखाली पाचच्या पुढचा भूकंप झाला, हे योगायोगानेही घडू शकेल. खाण नसलेल्या जागी झालेले भूकंप आपण मोजतच नाही.

आकडेमोड

तर्कट यांचा शेवटचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे. ताणाच्या मुद्द्यावर मात्र 'अत्यल्प' या विशेषणापाशी न थांबता हिशेब करून पाहावा, कारण न्यूकॅसल आणि बाचात्स्की यांतला फरक त्या हिशेबातच दिसतो.

बाचात्स्की खाण सुमारे १० किलोमीटर लांब, दोन किलोमीटरहून थोडी अधिक रुंद आणि सर्वांत खोल भागात ३०० मीटरहून अधिक खोल आहे. उतारामुळे सरासरी २०० मीटर जाडीचा खडक हटला असे धरू. घनता पाण्याच्या अडीचपट घेतली, तर पृष्ठभागावरून सुमारे ५ मेगापास्कल इतका दाब उचलला गेला. दोन किलोमीटर रुंदीच्या लांबट पट्ट्याखाली चार किलोमीटर खोलीवर त्यातला साधारण ३० टक्के परिणाम पोचतो, म्हणजे दीड मेगापास्कल. भूकंपात भ्रंशावरचा ताण जितका उतरतो तो बहुधा १ ते १० मेगापास्कल असतो, आणि एका मोठ्या भूकंपानंतर शेजारच्या भ्रंशावर दुसरा व्हायला ०.०१ मेगापास्कलचा बदलही पुरेसा ठरल्याचे अनेक अभ्यासांत दिसते. दीड मेगापास्कल त्या उंबरठ्याच्या दीडशेपट आहे. ओव्हरबर्डनचे डंप (कोळशावरून काढलेल्या खडक-मातीचे ढीग) खाणीशेजारीच असतात आणि त्यांचा भार थोडा उलट परिणाम करतो, तो वजा केला तरी चित्र पालटत नाही.

आता न्यूकॅसल. तिथे बहुतांश काम भूमिगत. जमीन खचते, पण वरचा खडक जागेवरच राहतो. वजन कमी होते ते फक्त कोळशाचे आणि पाण्याचे. तीन मीटर जाडीचा कोळसा सलग काढला, तरी त्याचा दाब ०.०४ मेगापास्कलच भरतो, आणि अकरा किलोमीटर खाली त्याचा काही भागच पोचतो. पाणी धरून आकडा वाढवता येतो, परंतु तेवढ्यानेही आपण उंबरठ्याच्या आसपासच घुटमळतो. म्हणून माझ्या मते न्यूकॅसलचा दावा खोटा ठरत नाही. त्याचे वजन बाचात्स्कीच्या दाव्याच्या जवळपासही येत नाही, इतकेच.

आणखी एक गोष्ट. भार उचलल्याने भ्रंश सुटतोच असे नाही. जिथे आडवा दाब सर्वाधिक आणि उभा दाब सर्वांत कमी असतो, म्हणजे एक बाजू दुसरीवर चढते अशा व्युत्क्रम भ्रंशांच्या प्रदेशात, वरचा भार हटवला की आधीच कमी असलेला उभा दाब आणखी घटतो आणि भ्रंश सरकण्याच्या जवळ येतो. जिथे कवच ताणले जात आहे आणि उभा दाब सर्वाधिक आहे, तिथे तोच खड्डा भ्रंशाला उलट स्थिर करतो. बाचात्स्कीचा भूकंप व्युत्क्रम प्रकारचा होता, नाभी उथळ होती आणि आधीच्या वर्षभरात खाणीखालीच लहान धक्क्यांची मालिका सुरू झालेली होती. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. (न्यूकॅसलचाही भूकंप व्युत्क्रम प्रकारचा होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ती अट तिथे पूर्ण होते. इतर होत नाहीत.)

तर्कट

हिशेब मान्य. तरीही मेगापास्कलभर बदल झाल्याने ६.१ महत्तेचा भूकंप होतो, हे कसे? इतकी ऊर्जा खड्ड्यातून आली नाही हे तुम्हीही म्हणाल. मग खाणीच्या आकारावरून भूकंपाची कमाल मर्यादा सांगता येते, असे जे म्हटले जाते त्याचे काय?

आकडेमोड

ती मर्यादा भूकंपशास्त्रज्ञ आर्थर मॅकगार यांनी १९७६ मध्ये मांडली. खाणीतून जितके आकारमान बाहेर काढले, त्याला खडकाच्या कर्तन-दृढतेने (तिरके सरकवण्याला खडक किती विरोध करतो त्या मापाने) गुणले, की एकूण भूकंपीय परिबलाचा, म्हणजे भूकंपांच्या एकत्रित आकाराचा, अंदाज मिळतो. पुढे एक-दीडच्या आसपासचा गुणक येतो. दहा लाख घनमीटर काढले आणि दृढता ३० गिगापास्कल घेतली, तर उत्तर येते ३ × १०^१६ न्यूटन-मीटर, म्हणजे सगळे परिबल एकाच भूकंपात सुटले तर ४.९ महत्ता. दहा लाख घनमीटर म्हणजे तेरा-चौदा लाख टन कोळसा. मोठी खाण तो एका वर्षातच काढते.

यावरून एवढेच सिद्ध होते, की 'खाण इतकी लहान, तिच्याने एवढा भूकंप कसा होईल' हा आक्षेप टिकत नाही. बाचात्स्कीसारख्या खाणीतून अब्जावधी घनमीटर खडक हलवला गेला आहे. तिथे ही मर्यादा प्रत्यक्ष झालेल्या भूकंपाच्या कितीतरी वर जाते. पण मर्यादा म्हणजे भाकीत नव्हे. बहुतेक खाणींत आकारमानाचा बदल जमीन खचून, खडक हळूहळू वाकून आणि गोफमधला मलबा दबून निमूटपणे सामावला जातो, भूकंपाच्या वाट्याला त्याचा क्षुल्लक अंश येतो. शिवाय हे सूत्र खाणीने स्वतः घडवलेल्या विरूपणाचे आहे. आधीच ताणलेल्या लांब भ्रंशाला खाणीने नुसता स्पर्श केला, तर भूकंपाचा आकार भ्रंशाची लांबी ठरवते आणि सूत्र गप्प बसते.

गॅलरी सात

भूमिगत कोळसाखाणींत आयुष्य गेलेला माणूस म्हणून लिहितो. इथली चर्चा पाच-सहा महत्तेच्या अपवादांवर फार वेळ रेंगाळली आहे. माणसे मारतात ते बहुधा तीनच्या आसपासचे धक्के, कारण ते डोक्यावर होतात. पोलंडमधील रिदुल्तोवी खाणीत ११ जुलै २०२४ रोजी सुमारे १२०० मीटर खोलीवर ३.१ महत्तेचा धक्का बसला. त्या भागात ७८ कामगार होते. एकाचा मृत्यू झाला आणि एकाला दोन दिवसांहून अधिक काळाने जिवंत बाहेर काढले. पोलंडच्याच सायलेशिया या कोळसापट्ट्यातील झोफियुव्का खाणीत मे २०१८ मध्ये पाच कामगार गेले. पृष्ठभागावर असे धक्के खिडक्या हलवण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत.

आम्ही याला बम्प म्हणतो. बम्प होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : खोली, ठिसूळ पण मजबूत कोळसा, आणि वर न मोडणारे कठीण छत. छत कच्चे असेल, तर फेस (कोळसा तोडण्याची भिंत) पुढे सरकताच मागे गोफमध्ये ते आपोआप पडत जाते आणि भार साठतच नाही. वर वालुकाश्माचा जाड थर असेल, तर तो पडत नाही. लोंबत राहतो आणि सगळा भार फेसवर व शेजारच्या खांबांवर टाकतो. छत मोडण्याचा आवाज नवशिक्याला भीतीदायक वाटतो. आम्हाला काळजी वाटते ती बरेच दिवस काहीच मोडले नाही म्हणजे.

खांब चिरडला तरी तो प्रत्येक वेळी स्फोटासारखा फुटत नाही, हेही समजून घ्यावे. खांबाची ताकद संपल्यावर तो किती वेगाने भार सोडतो आणि वरचा खडक किती वेगाने खाली येऊन तो भार देत राहतो, या दोहोंच्या तुलनेवर सगळे अवलंबून असते. वरचा खडक ताठ असेल, तर खांब थोडा दबला की भार शेजारी सरकतो आणि मोडणे शांतपणे थांबते. काम दूरवर पसरलेले असेल, तर वरचा खडक लवचीक बनतो. तो खांबाच्या मागोमाग खाली येत राहतो आणि खांब फुटतो. मग त्याचा भार शेजारच्यावर, त्याचा पुढच्यावर. दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी अशी साखळी सुरू होऊन सुमारे तीन चौरस किलोमीटरचे काम कोसळले आणि ४३० हून अधिक कामगार कायमचे आत राहिले. खांबांच्या मजबुतीचे आज जगभर वापरले जाणारे सूत्र सॅलामन आणि मन्रो यांनी १९६७ मध्ये दिले, ते या दुर्घटनेनंतर सुरू झालेल्या संशोधनातून.

डिपिलरिंगच्या, म्हणजे राखलेले खांब काढण्याच्या, वेळी धोका सर्वाधिक असतो, कारण तेव्हा आपण आधारच काढून घेत मागे येत असतो. क्रँडल कॅनियनमध्येही हेच चालले होते. दोन्ही बाजूंचे लाँगवॉल पॅनल (एका लांब फेसवरून सलग तोडायचे कोळशाचे पट्टे) काढून झाल्यावर मध्ये राखलेले आडखांब काढले जात होते, आणि त्या आडखांबांवर आजूबाजूचा भार आधीच येऊन बसलेला होता.

उपाय नवे नाहीत. सँड स्टोइंग करून पोकळी भरली, तर छताला टेकायला जागा मिळते. पैसा, वाळू आणि पाणी यांचे कारण सांगून ती टाळली जाते. कठीण छताला आधीच भोके पाडून, पाण्याच्या दाबाने किंवा सुरुंगाने त्याला चिरा पाडता येतात. पॅनलच्या मांडणीत लहान, एकाकी खांब चारही बाजूंनी काम झालेल्या जागी शिल्लक ठेवू नये, हा नियम तर कागदाच्या टोकाएवढा खर्चही मागत नाही. फेसचा वेग कमी केला, तर खडकाला सावकाश वाकायला अवधी मिळतो. उत्पादनाच्या बैठकीत हा शेवटचा उपाय मांडून पाहावा, मग लोकांचे चेहरे पाहावेत.

उत्सुक

एक साधी शंका. धागालेखात म्हटलेले 'दहा किलोमीटर खोल' हे उत्तर अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेले असते. ते चूक कसे असू शकते?

भ्रंशरेषा

ते चूक असते असे म्हणणे बरोबर होणार नाही. बरेचदा ते मोजलेलेच नसते. भूकंपाचे अपिकेंद्र (नाभीच्या सरळ वरची पृष्ठभागावरची जागा) काढायला दूरची केंद्रेही चालतात. खोली काढायला मात्र निदान एक केंद्र जवळ हवे; खोलीच्या एक-दीडपट अंतराच्या आत ते असावे, असा संकेत आहे. नाभी एक किलोमीटरवर आणि सर्वांत जवळचे केंद्र ऐंशी किलोमीटरवर असेल, तर लहर एक किलोमीटरवरून आली की दहावरून, याचा पोहोचण्याच्या वेळेत पडणारा फरक मोजणीच्या चुकीत बुडून जातो. अशा वेळी संगणक खोली एका ठरावीक आकड्यावर बांधून ठेवतो, आणि तो आकडा फार ठिकाणी १० किलोमीटर असतो. यादीत एकामागोमाग एक सगळे भूकंप नेमक्या १०.० किलोमीटरवर दिसले, तर ती खोली निसर्गाने दिलेली नाही हे ओळखावे.

जवळ यंत्रे बसवली की काय होते, हे इंग्लंडमधील न्यू ओलर्टन गावाने दाखवले. डिसेंबर २०१३ पासून तेथे लहान लहान धक्क्यांची रीघ लागली. ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेने गावाभोवती तात्पुरती केंद्रे बसवली, आणि नाभी थॉर्सबी कोलिअरीच्या (कोळसाखाणीच्या) चालू लाँगवॉल फेसच्या आसपास, कोळशाच्या थराच्या पातळीजवळ निघाल्या. फेस पुढे सरकेल तसे धक्केही सरकत होते. सर्वांत मोठा धक्का अवघा १.७ महत्तेचा होता. खोल भूकंपांत इतक्या महत्तेचा धक्का कोणाला कळतही नाही. इथे तो घरांत जाणवला, कारण उगम पायाखालीच होता. खाण जुलै २०१५ मध्ये बंद झाली.

उथळ उगमाची आणखी एक खूण भूकंपलेखात मिळते. पृष्ठभागालगत झालेल्या धक्क्यात संथ, मोठ्या आवर्तनाच्या पृष्ठलहरी ठसठशीत उमटतात. त्याच महत्तेच्या खोल भूकंपात त्या क्षीण असतात. म्हणजे जवळ केंद्र नसले, तरी दूरच्या लेखावरून निदान 'हे दहा किलोमीटरवरचे नाही' एवढे म्हणता येते. तिसरी खूण वेळापत्रकाची : खाणकामाने होणारे धक्के कामाच्या दिवशी वाढतात आणि सुट्टीच्या दिवशी घटतात. भूपट्टांना रविवार नसतो.

हे सारे आजचे ज्ञान आहे असेही नाही. भूभौतिकशास्त्रज्ञ लुडगर मिंट्रोप यांनी १९०८ मध्ये जर्मनीतील बोखूम येथे भूकंप वेधशाळा उभारली, तीच मुळी कोळसाखाणींच्या टापूत.

तर्कट

वेळापत्रकाच्या खुणेबाबत सावध राहावे. खुल्या खाणीतले सुरुंगही कामाच्या दिवशी, उजेडात आणि बहुधा ठरलेल्या तासालाच उडतात. यादीतून सुरुंग वेगळे न काढता आठवड्याचा आलेख काढला, तर कुठलीही खाण भूकंपप्रवण दिसेल. सुरुंग ओळखण्यासाठी पहिल्या हालचालीची दिशा, खाणीच्या नोंदवहीतली वेळ आणि ठरावीक मिलिसेकंदांच्या अंतराने उडवलेल्या भोकांचा लेखात उमटणारा ठसा, हे सगळे जुळवावे लागते. लहान सुरुंगांच्या बाबतीत ते नेहमी जमतेच असे नाही.

बाचात्स्कीबाबत मी माझा विरोध मागे घेतो. न्यूकॅसलबाबत नाही.

वादी-प्रतिवादी

विज्ञानाची चर्चा वाचली. ज्याच्या घराला तडा गेला आहे, त्याच्यापुढे प्रश्न निराळा असतो : सिद्ध कोणी करायचे? भूकंपलेख खाणीकडे, फेसची रोजची स्थिती खाणीकडे, पंपांच्या नोंदी खाणीकडे, आणि पुरावा मात्र घरमालकाने द्यायचा, ही व्यवस्था मुळातच एका बाजूला झुकलेली आहे.

जर्मनीच्या संघीय खाणकायद्यातील १२० वे कलम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. खाणीच्या प्रभावक्षेत्रात, खाणीमुळे होऊ शकेल अशा स्वरूपाचे नुकसान झाले असेल, तर ते खाणीमुळेच झाले असे गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार खाणचालकावर येतो. मूळ कलम भूमिगत खाणींपुरते आणि मुख्यतः जमीन खचण्याच्या प्रकारांना लागू होते. २०१६ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून जमिनीच्या हादऱ्यांचाही समावेश करण्यात आला.

त्या देशातील झारलांडचा अनुभव यामागे आहेच. २३ फेब्रुवारी २००८ रोजी तेथील कोळसाक्षेत्रात ४.० महत्तेचा धक्का बसला. आकडा ऐकायला मामुली वाटतो. जमिनीच्या हालचालीचा वेग मात्र सेकंदाला ९० मिलिमीटरहून अधिक नोंदला गेला, आणि जर्मन मानकात राहत्या घराच्या पायासाठी मंद कंपनांची मार्गदर्शक मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर आहे. धुराडी पडली, चर्चच्या मनोऱ्याचे दगड कोसळले. खाणकाम तत्काळ थांबवण्यात आले. पुढे ते इतरत्र मर्यादित स्वरूपात चालले आणि २०१२ मध्ये तिथल्या दगडी कोळशाच्या खाणकामाचा शेवट झाला.

म्हणून माझा आग्रह असा, की परवान्याच्या अटींत महत्तेऐवजी जमिनीच्या हालचालीचा वेग असावा. नुकसान त्यानेच होते आणि तो घराजवळ मोजताही येतो.

गॅलरी सात

वेगाच्या अटीला माझा पाठिंबा आहे, पण ती अट पृष्ठभागावरच्या घरांसाठी झाली. खाली काम करणाऱ्यासाठी पृष्ठभागावरचे यंत्र निरुपयोगी आहे. त्याला फेसभोवती कंपने टिपणारी भूमिगत यंत्रे हवीत आणि त्यांच्या नोंदी त्याच पाळीत वाचणारा माणूस हवा. धक्क्यांची संख्या एकाएकी घटली, तर ती चांगली बातमी समजून सही करणारा माणूस तिथे नको.

एक भर घालतो. सायलेशियातील नोंदींत दोन वेगळे गट पडतात, असे पोलिश संशोधकांनी दाखवले आहे : लहान धक्के फेसजवळचे, तोडणीच्या वेगाबरोबर वाढणारे, आणि मोठे धक्के मोठ्या भ्रंशांशी निगडित, फेसपासून काहीसे दूरचेही. पहिल्या गटाचा आलेख पुढे ताणून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. धागालेखातले पहिले दोन प्रकार एकाच खाणीत एकत्र नांदतात ते असे.

उत्सुक

खाण बंद झाली, तोडणी थांबली, म्हणजे हे सगळे थांबते का? न्यू ओलर्टनच्या उदाहरणावरून तसे वाटते.

आकडेमोड

लाँगवॉलमुळे होणारे धक्के थांबतात, तेही बहुधा लवकर. पाण्याचा प्रश्न मात्र खाण बंद झाल्यावरच सुरू होतो. काम चालू असताना पंप अखंड पाणी उपसत असतात. पंप बंद केले, की जुन्या गॅलऱ्या (खाणीतल्या भुयारी वाटा) आणि गोफ भरू लागतात. काही ठिकाणी याला वर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. पाण्याची पातळी १०० मीटरने चढली, की खडकाच्या भेगांतला दाब सुमारे १ मेगापास्कलने वाढतो. हा दाब भ्रंशाच्या दोन बाजूंना परस्परांपासून दूर ढकलतो, घर्षण घटते, आणि वर काढलेल्या हिशेबातला ०.०१ मेगापास्कलचा उंबरठा पहिल्या मीटरभर पाण्यातच ओलांडला जातो. शिवाय बुडालेले जुने खांब ओले होऊन कमजोर होतात, ते वेगळेच.

फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातील गार्दान येथील खाण २००३ मध्ये बंद झाली. पाणी चढू लागल्यानंतर तेथे लहान भूकंपांच्या मालिका नोंदल्या गेल्या, आणि काही धक्के लोकांनाही जाणवले. तोडणी संपून बरीच वर्षे लोटली होती. असे धक्के लहानच राहिलेले आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही; पण खाण बंद करण्याच्या आराखड्यात पाण्याची पातळी आणि भूकंपलेखन या दोन्ही नोंदी एकाच वेळापत्रकावर ठेवण्याची तरतूद असावी, आणि पातळी स्थिर होईपर्यंत ती चालू राहावी. बहुतेक ठिकाणी केंद्रे उचलली जातात ती शेवटचा ट्रक बाहेर पडल्याबरोबर, म्हणजे पाणी चढायला लागण्याच्या नेमकी आधी.